सत्यशीलेचं सोडणं

कोजागरीच्या सकाळी नांदेडात वजिराबादच्या रस्त्यावर एका हातगाडीवाल्याने सीताफळ हातातल्या हातात दाबून उकललं आणि 'बगा मावशी, कसं फुललंय' म्हणत थेट सत्यशीलेच्या नाकासमोर धरलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. सत्यशीलेने सवयीने श्वास रोखला, जीभ टाळ्याला लावली, पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. दर आश्विनात तिला ही तयारी करावी लागे. आधी नाकाला कळायचं, मग जिभेच्या मुळाशी पाणी यायचं, मग पोटातून काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं, आणि मग ती मान वर करून पुढे चालू लागायची. ते मान वर करणं तिला फार आवडायचं. आज मात्र ती वाट पाहत उभी राहिली आणि काहीच आलं नाही. पाणी नाही, ओढ नाही. समोर एक खवल्याखवल्यांचं फळ होतं, त्यात पांढरा गर होता, एवढंच. भरलेला समजून पिठाचा डबा जोर लावून उचलावा आणि रिकामा निघून हात वर उडावा, तसं तिचं झालं. तिने रोखलेला श्वास सोडला, पुन्हा घेतला, मुद्दाम खोल घेतला. वास येत होता, पण तो दुसऱ्याच कुणासाठी आल्यासारखा बाजूने निघून जात होता. गाडीवाला म्हणाला, 'किती करू?' आणि तिच्या तोंडून 'अर्धा किलो' निघून गेलं. घरात सीताफळं येत नसत असं नाही. शिवशंकर, तिचा नवरा, दरसाल आणायचा आणि चवीने खायचा. ती फक्त साली आणि बिया उचलायची. स्वतःच्या हाताने पिशवीत घेण्याची ही पहिलीच वेळ होती. ऑटोत बसल्यावर ती पिशवी तिने मांडीवर न ठेवता पायाशी ठेवली, आणि सगळा रस्ता तिला काहीतरी हरवल्यासारखं वाटत राहिलं. पर्स होती, चष्मा होता, किल्ली होती. तरीही तिने दोनदा चाचपून पाहिलं.

सत्यशीलेला ओळखत नाही असं माणूस कॉलनीत नाही. निलंगा, औराद, देवणी त्या अंगाकडून नोकरीपायी नांदेडला येऊन राहिलेली ही घरं. शिवशंकर रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून निवृत्त झालेला, मुलगा पुण्याला. पण सत्यशीलेची ओळख नवऱ्यामुळे नाही आणि मुलामुळेही नाही. घट बसले की कॉलनीतल्या महादेवाच्या देवळात दुपारची पोथी लागते आणि कोजागरीला संध्याकाळी समाप्ती होते. धुरपताबाई ओव्या वाचतात आणि त्या थांबल्या की सत्यशीला अर्थ सांगते. चौरंगावर पोथी, एका बाजूला धुरपताबाई, दुसऱ्या बाजूला सागवानी पाट. त्याला सगळे अर्थाचा पाट म्हणतात. पूर्वी त्यावर चंद्रप्पा मास्तर बसत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा आता पाट देविदासरावांकडे जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. देविदासराव एसटीत कंडक्टर होते, आवाज खणखणीत, आणि त्यांनी त्या दिवसासाठी नवा सदरासुद्धा शिवून घेतला होता. मास्तरांनी बोट दाखवलं ते बायकांच्या बाजूला. 'ही बसल,' म्हणाले. 'हिनं सीताफळ सोडलंय.' त्यावर कुणाला बोलायला जागाच राहिली नाही. देविदासरावांनीही मान डोलावली, सदरा तेवढा बरेच दिवस घातला नाही.

सीताफळ सोडण्याला एवढं मोल का, हे कळायला समाप्तीची रीत ठाऊक हवी. ती या लोकांनी गावाकडून आणली. समाप्तीला पोथीपुढे एकेकाने उभं राहायचं आणि आपली एक आवडती गोष्ट सोडायची, कुणी सालभर, कुणी जन्मभर. जन्मभराची सोडलेली असली तर दरसाल तिचंच नाव पुन्हा घ्यायचं. सुरुवात अर्थ सांगणाऱ्यापासून. रीत चांगली, पण माणसं बेरकी. सत्यशीला लग्न होऊन निलंग्याजवळच्या त्या गावात गेली त्या वर्षी पोथीपुढे उभं राहून तिच्या नवऱ्याने फणस सोडला. त्याच्या मागोमाग त्याच्या तीन चुलतभावांनीही फणसच सोडला. त्या काळ्या रानात कोसच्या कोस चाललं तरी फणसाचं झाड दिसायचं नाही, आणि सगळा गाव इमानेइतबारे पिढ्यान् पिढ्या फणस सोडत आलेला. बायका कारलं सोडायच्या. आणि यात फसवाफसवी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही, कारण देवाला नाव हवं असतं, फळ नव्हे, अशी सगळ्यांची गोड समजूत होती. नवी सून म्हणून सत्यशीलेची पाळी शेवटी आली. सासूबाई, पार्वतम्मा, कानात कुजबुजल्या, 'कारलं म्हन, मोकळी हो.' सत्यशीला उभी राहिली. तिचं माहेर भोकरकडचं, डोंगराच्या कुशीतलं. त्या डोंगरावर सीताफळाची झाडं कुणी लावलेली नव्हती आणि कुणाच्या मालकीचीही नव्हती. डोळा उघडलेली, खवल्यांमधल्या रेषा पांढुरक्या झालेली फळं हेरायची, ओच्यात भरून आणायची, ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायची आणि रोज हात घालून चाचपायची. रात्री कणगीचा वास यायला लागला की झोप लागायची नाही. लग्नाआधी तिचा जीव दुसऱ्या कशातही एवढा नव्हता, आणि खरं सांगायचं तर लग्नानंतरही बराच काळ नव्हता. ती म्हणाली, 'सीताफळ. जन्मभर.' देवळात शांतता झाली. फणसवाले एकमेकांकडे बघायला लागले. सासऱ्यांनी आपल्या उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, 'पोरगी खरी निघाली.' त्या वाक्यावर सत्यशीला पुढची सगळी वर्षं जगली असं म्हटलं तरी चालेल. सासरी तिच्या हाताच्या भाकरीला नाव ठेवलं गेलं, रंगाला ठेवलं गेलं, माहेरच्या बोलीला तर रोजच हसलं गेलं. पण शेवटी कुणीतरी म्हणायचंच, 'काई म्हना, सीताफळ सोडलंय तिनं.' मग तिची मान आपोआप वर व्हायची.

आणि तिने ते राखलंही. मुलाच्या, विनोदच्या वेळी पोटुशी होती तेव्हा आश्विनच चालू होता आणि सीताफळाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. ताटात भात असायचा आणि तिला गर दिसायचा. पार्वतम्मा स्वतः घेऊन आल्या, म्हणाल्या, 'खा गं, पोटातल्या लेकरासाठी खाल्लं तर पाप लागत न्हाई. म्या कुनाला सांगत न्हाई.' तिने ते परत पाठवलं आणि मग न्हाणीत जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली. रडतानाही आतून एक ताठ, थंडगार आनंद होत होता. आईने पहिल्या वर्षी भोकरहून एसटीत टोपली चढवून दिली होती. टोपली तशीच परत गेली तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही म्हणे, पण तिसऱ्या दिवसापासून तीच गावभर सांगत सुटली, 'माझ्या लेकीवानी करून दावा कुनी.' लोक नवससायास करतात, उपासतापास करतात. सत्यशीलेला वाटायचं, आपण एकच केलं पण खरं केलं. पाटावर बसून ती लोकांना सांगायची की इच्छा म्हणजे दारात बांधलेलं जनावर, रोज दावं तपासावं लागतं. हे सांगताना तिच्या आवाजाला जी धार यायची ती कुठल्या पुस्तकातून आलेली नव्हती. दरसाल आश्विनात ते जनावर हिसडा द्यायचं आणि ती दावं ओढून धरायची, म्हणून ती धार होती. आज ती जणू दारात गेली आणि दावं तेवढं खुंटीला होतं. जनावर केव्हा गेलं, कुणी सोडलं, काही पत्ता नाही. यात तिचा पराक्रम कसला? म्हातारपणी कानावरचे केस पांढरे होतात तसंच हेही झालं असणार. मग संध्याकाळी पाटावर बसायचं ते कशाच्या जोरावर? आणि आज समाप्ती, म्हणजे नेमका मदन जाळल्याचा अध्याय. दरसाल याच अध्यायासाठी शेजारच्या कॉलनीतलेसुद्धा येतात.

स्वयंपाकघरात येऊन तिने एक सीताफळ ताटलीत उकललं. बोटाने गर थोडा दाबला. मऊ, गार, साखरेच्या कणांसारखा रवाळ. बोट नाकाशी नेलं. 'अगं बया,' दारातून शिवशंकर म्हणाला. त्याच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि तोंड उघडंच राहिलं होतं. 'आज सूर्य कुनीकडून उगवला?' ती म्हणाली, 'खात न्हाई मी. बघून राहिले.' 'काय बघून राहिली?' 'काई होतंय का ते.' 'मंग?' 'काईच होत न्हाई हो.' तिचा आवाज असा निघाला की त्याने पेपर खाली ठेवला. तो तसा थट्टेखोर माणूस, फणसाचा विषय निघाला की स्वतःवरच हसणारा. पण बायकोचं सीताफळ ही त्याच्या घरातली एकमेव मोठी गोष्ट आहे असं तोही मानायचा. कचेरीत नव्या साहेबाला ओळख करून देतानाही तो ते सांगायचा. 'बरं हाय की मंग,' तो म्हणाला. 'जिंकलीस. आता काई तकलीफ न्हाई.' 'मी जिंकले न्हाई. ते आपलं आपनच गेलं.' 'गेलं तर गेलं. दुसरं सोड. तुला काय, तू खरी बाई. जे लई आवडतं ते सोडशील. आमी हाव फणसवाले.' एवढं बोलून तो ताटलीतलं सीताफळ उचलून बाहेर गेला, आणि ओसरीत त्याने बिया तोंडातून ताटलीत टाकल्याचा टक टक आवाज येऊ लागला. सत्यशीला ओट्याला टेकून उभी राहिली. जे लई आवडतं ते. तिने स्वतःला विचारून पाहिलं. चहा? गेला तरी चालेल. मुलाचा फोन? तो तसाही रविवारीच येतो. नवी साडी, दागिना, टीव्हीवरच्या मालिका, शेजारणीशी गप्पा, एकेक काढून पाहिलं, कशानेही काही हललं नाही. आपण आतून वाळून गेलो आहोत अशी तिला भीती वाटली. ती भीती मोडायला म्हणून तिने संध्याकाळचा अध्याय मनात म्हणायला घेतला.

देव ध्यानाला बसला आहे. झाडावर मदन बसला आहे, हातात फुलांचं धनुष्य. बाण सुटतो. देवाच्या कपाळातला डोळा उघडतो. राख. इथे ती दरसाल थांबायची, एक क्षण गप्प राहायची आणि म्हणायची, 'जाळा.' तो एक क्षण ती वर्षभर जपून ठेवायची. धुरपताबाईंचा सूर विरलेला असतो, पंखा फिरत असतो, सगळी तोंडं आपल्याकडे वळलेली असतात, लहान मूलसुद्धा कुरकुरत नाही, आणि आता काय बोलायचं ते फक्त आपल्याला माहीत असतं. त्या वेळी देविदासराव खोकले तर तिला त्यांचा जीव घ्यावासा वाटतो. आज निळी इरकल नेसायची हे तिने आठ दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. 'जाळा' हा शब्द कुठल्या पट्टीत टाकायचा ते ती न्हाणीत म्हणून पाहत होती. हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि तिच्या जिभेच्या मुळाशी पाणी आलं. खरोखर आलं. पोटातून ओढ लागली, तीच, भोकरच्या डोंगरावरची, कणगीत हात घालतानाची. सत्यशीलेने आवंढा गिळला आणि ओट्याची कड धरली. आनंद झाला, अगदी सापडल्याचा आनंद झाला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट कळली. आवडतं ते सोडायचं, हा नियम तिने स्वतः आपल्या तोंडाने जन्मभर मिरवला होता. मग आज पोथीपुढे उभं राहून तिने अर्थाचा पाट सोडायला हवा. कारलं सोडलं तर ती फणसवाली. पाट सोडला तर पुन्हा एकदा सगळ्या देवळात शांतता होईल, पुन्हा कुणीतरी म्हणेल बाई खरी निघाली, आणि उद्यापासून अर्थ देविदासराव सांगतील. तिला देविदासरावांचा आवाज ऐकू आला, मोबाइलवर ऐकलेली वाक्यं खणखणीत फेकणारा, आणि तिच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

दुपारभर ती घरातली पोथी उघडून नुसती बसून होती. मदन जळाल्यानंतरच्या ओव्या तिने आजवर कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. त्या येईपर्यंत लोकांची प्रसादासाठी चुळबुळ सुरू झालेली असते. त्यात मदनाची बायको रडत येते, आणि देव म्हणतो, हा जगेल, पण याला अंग नसेल. सत्यशीला तिथे अडकली. जाळलं ते जाळलं, मग परत जगवलं कशाला? देवाला काय कळत नव्हतं? अंग होतं तोवर तो झाडावर दिसत तरी होता. आता तो कुठे बसलाय हे कसं ओळखायचं? आपण सीताफळ जाळलं आणि मान वर करून चालत राहिलो, आणि हा बिनअंगाचा गडी त्या वर केलेल्या मानेतच येऊन बसला. इतकी वर्षं बसून राहिला, आणि आपण त्याला खिलवत राहिलो. हे सुचलं तेव्हा तिला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण लाजेच्या खालून दुसरं काहीतरी उसळत होतं. हा अर्थ कुणीच सांगितलेला नव्हता, मास्तरांनीही नाही. तो तिचा होता, आणि तो सांगायला तिचा जीव तुटत होता.

संध्याकाळी देऊळ भरलं. निळी इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून ती पाटावर बसली. पुढच्या रांगेत चंद्रप्पा मास्तर भिंतीला टेकून, शेजारी देविदासराव, आज नेमका तोच जुना नवा सदरा घालून. धुरपताबाईंनी ओवी वाचली, देवाने डोळा उघडला, आणि त्या थांबल्या. सगळी तोंडं वळली. सत्यशीला म्हणाली, 'इथं मी दरसाली थांबते. आज थांबत न्हाई. फुडं वाचा, धुरपताबाई.' धुरपताबाई गोंधळल्या, पण वाचत गेल्या, पार शेवटपर्यंत. मग सत्यशीला बोलायला लागली. 'जळायच्या आदी मदन दिसत होता. दिसतंय त्याला नेम धरता येतो. जळल्यावर त्याचं अंग गेलं. आपन फळ सोडतो, च्या सोडतो, ते त्याचं अंग हाय. अंग सोडलं की तो तिथून उठतो आन् जिथं आपली नजर जात न्हाई तिथं बसतो. लोक आपल्याला चांगलं म्हनतात ना, तिथं बसतो. मंग देवानं त्याला परत कामून जगवलं? बाई रडली म्हनून कीव आली, आसं म्हनतात. मला वाटतं, देवाला बी त्याच्याबिगर करमंना.' लोक हसले. तिने हसू ओसरू दिलं. 'मेलेल्यावर राज्य कसलं करायचं? देवानं ती राख फेकली न्हाई, अंगाला लावली. म्हनला, तू ऱ्हा, पन माझ्या डोळ्यापुढं ऱ्हा. आपन रोज कपाळाला लावतो ती राख मंग कुनाची हाय, याचा इचार करा. हे पोथीत लिवलेलं न्हाई. हे माझं हाय.' पंखा फिरत होता. कुणी खोकलं नाही. देविदासरावसुद्धा पुढे वाकून ऐकत होते, आणि सत्यशीलेला त्या शांततेची चव जिभेवर अगदी स्पष्ट लागली.

आरती झाली. चंद्रप्पा मास्तरांनी भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली. 'चला,' ते म्हणाले, 'रिवाज करा. सत्यशीलाबाई, तुमच्यापासून. यंदा काय सोडता?' ती उठून पोथीपुढे उभी राहिली. शिवशंकर बाप्यांच्या रांगेतून तिच्याकडे बघत होता, काळजीने. पाट, असा शब्द जिभेवर तयार होता. तो उच्चारला की झालं, पुन्हा ती जुनी मान वर होणार होती, पुन्हा तो थंडगार आनंद, आणि तो बिनअंगाचा गडी तिथून उठून आणखी खोल कुठेतरी जाऊन बसणार होता. तिने हात जोडले. 'मास्तर, सीताफळाची माझी इच्छा मेली. आता त्याचं नाव घेऊन मिरवनं म्हंजी फणस सोडनंच हाय. माझा जीव आता दुसऱ्यात हाय. ह्या पाटात हाय. ह्याच्यावर बसले, तुमी सगळे गप झाले, की माझ्या तोंडाला पानी सुटतं. रिवाजानं मी पाट सोडाया पाहिजे.' देविदासरावांचा हात नकळत सदऱ्याच्या बटणाकडे गेला. सगळं देऊळ तेच ऐकायला टपून बसलेलं तिला दिसत होतं. पार्वतम्मा आज असत्या तर पुन्हा कानात काहीतरी कुजबुजल्या असत्या, असं तिला वाटून गेलं. 'मी सोडत न्हाई,' ती म्हणाली. 'तुमी उठ म्हनलं तर उठीन. पन माझ्या तोंडानं सोडनार न्हाई. मला पाहिजे हा.'

मला पाहिजे. हे शब्द तिने सासरी, माहेरी, देवापुढे, कधीच कुठे उच्चारले नव्हते, आणि ते तिच्याच आवाजात एवढे मोठे ऐकू आले की ती क्षणभर दचकली. पण मान खाली गेली नाही. खरी निघाली असं कुणी म्हणालं नाही. बायकांच्या रांगेत कुणीतरी 'आगं माय' म्हणालं. देविदासराव म्हणाले, 'मंग रिवाज मोडला की हो मास्तर.' मास्तरांनी आपले अधू डोळे तिच्या दिशेने वळवले. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, आवाज तेवढा कळत होता.

'किती साल पाहिजे?' त्यांनी विचारलं.

'जीव हाय तवर,' सत्यशीला म्हणाली, आणि कुणाच्या हो-नाहीची वाट न पाहता परत जाऊन पाटावर बसली.